मिटिंगला जाण्याआधी

बशीतला कप खडखडत होता, म्हणून मी पेन खाली ठेवलं. समोर बसलेला माणूस कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा. (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात.) "मॅडम, आजपास्नं दारू बंद. ती सोडणाऱ्यांची मिटिंग कुठं असते तेवढं सांगा, संध्याकाळीच जातो."

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अशी उमेद क्वचित बघायला मिळते. लगेच पत्ता लिहून द्यावासा वाटतो. पण आधी तीन प्रश्न विचारायचे असतात : शेवटची कधी घेतली, रोज किती, आणि याआधी बंद केली तेव्हा काय झालं होतं?

शेवटची आदल्या रात्री दहाला. आता साडेअकरा वाजले होते, म्हणजे साडेतेरा तास झाले. रोजच्या तीन क्वार्टर, एकूण ५४० मिली. ४२.८ टक्क्यांच्या हिशेबानं पोटात निव्वळ अल्कोहोल १८० ग्रॅमच्या आसपास. तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प. बायकोच बोलली, "गेल्या श्रावणात पाळली होती की. दुसऱ्याच दिवशी फिट आली. उपासानं आली म्हणाले सगळे."

उपासानं नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवली की सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात भ्रम, भास, ताप, घाम. तिथं उपचार चुकले तर माणूस दगावतोही. एकदा फिट आलेल्याला ती पुन्हा येण्याचा धोका जास्त. म्हणजे 'आजच बंद' म्हणणारा हा माणूस त्या संध्याकाळी मिटिंगच्या खुर्चीवरून खाली कोसळूही शकला असता.

मिटिंग राहिली बाजूला, त्याला वॉर्डात नेलं. "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" हा नातेवाइकांचा नेहमीचा हट्ट. पण अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं, नाहीतर मेंदूला इजा व्हायची भीती. डॉक्टरांनी ते दिलं, थरथर कमी करणाऱ्या गोळ्या रोज थोड्या थोड्या उतरवत नेल्या. मधल्या काळात बायकोनं हळूच विचारलं, "चहात टाकायची गोळी मिळते म्हणं?" तिला स्पष्ट सांगितलं : डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची ती गोळी, पेशंटला न सांगता द्यायची नसते. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंतही हा धोका राहतो.

सातव्या दिवशी मिटिंग शोधायला घेतली. पत्त्याच्या जुन्या कागदावर विसंबायचं नाही, हे ठेच लागून शिकलेली गोष्ट. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना. तिच्या सभा शाळेच्या वर्गात किंवा कुणी वापरायला दिलेल्या खोलीत भरतात. परीक्षा आली, मतदान केंद्र झालं, की खोली गेली. एका पेशंटला आम्ही असंच पाठवलं होतं. गेटला कुलूप, आणि समोर बार. म्हणून त्याच दिवशी फोन करून विचारायचं : आज आहे का, किती वाजता, जिना कुठून, आणि ओपन की क्लोज्ड? क्लोज्ड सभेत फक्त पिण्याचा त्रास असणारेच बसतात, मला तिथं जागा नाही. ओपनला बायको, मी, कुणीही चालतं. सभेचा फोन लागत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, टोल फ्री.

त्या संध्याकाळची सभा ओपन होती. जिन्यात तो थबकला. "पेठेतलं कोणतरी भेटलं तर?" कोल्हापुरात ही भीती काही खोटी नाही, इथं दोन माणसांच्या मध्ये तिसरा ओळखीचा निघतोच. आणि निघालाही. त्याच्याच तालमीतला एक जण खुर्च्या मांडत होता. दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यानं हातातली खुर्ची पुढं केली, "बस भावा. हितं आडनाव सांगायचं नस्तंय."

हजेरीपट नाही, फी नाही. प्रार्थना, मग वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. पिशवी फिरते, नव्या माणसानं काही टाकायलाच हवं असं नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनला एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. आमच्या समुपदेशनाला जे साधत नाही ते इथं का साधतं, हे तासभर मागं बसलं तरी उमगतं.

त्याची पाळी आली. "आज नुसतं ऐकतो." पुढच्याकडे वळले. एवढंच.

सभा सुटल्यावर तालमीतल्यानं चिठ्ठीवर तीन नंबर लिहिले आणि म्हणाला, "आत्ताच मिस कॉल दे. घरी गेल्यावर लावतो म्हणणारा लावत न्हाई." दिला. पुढची सभा दोन दिवसांनी. मधली संध्याकाळ मोकळी, आणि ह्याची प्यायची वेळ सातची.

"साडेसहाला कारखान्याच्या गेटवर गाडी घिऊन येतो," तालमीतला म्हणाला. "आधी जेवायचं. रिकाम्या पोटी लई आठवण येतीया."