चित्रटिपणं आणि कल्पक विचार शिकताना: माझा अनुभव

बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो. हाताने लिहिताना आपण २०-२५ शब्दांच्या पुढे फारसे जात नाही. म्हणजे व्याख्यान ऐकताना पाचातले चार शब्द सोडावेच लागतात, आणि ते कुठले हे जागच्या जागी ठरवावं लागतं. चित्रटिपण, म्हणजे मोजके शब्द आणि साधी चित्रं मिळून काढलेलं टिपण, आता बरेचजण ज्याला स्केचनोट म्हणतात ते, शिकताना मला खरा कस इथे लागतो असं वाटतं. चित्रकला फार थोडी लागते. ऐकता ऐकता निवड करायची आणि हात अडू द्यायचा नाही, यासाठी मात्र सराव हवा.

सामान अगदी मोजकं ठेवावं. ए-फोर आकाराचा कोरा कागद आडवा धरायचा. कागद १०० ग्रॅमच्या (चौरस मीटरला) पुढचा, म्हणजे जाडसर असला तर शाई मागे उमटत नाही. लिहायला ०.५ मिमीचं काळं पेन, मथळ्यांना ०.८ मिमीचं, सावलीसाठी एक फिकट राखाडी मार्कर आणि फार तर एक रंग. जेल पेनाच्या ओल्या शाईवरून मार्कर फिरवला की काळं फरफटतं, म्हणून आधी सगळं काळं, ते वाळू द्यायचं आणि राखाडी शेवटी. पेन्सिल मी सुचवणार नाही. खोडता येतं म्हटलं की माणूस खोडत बसतो आणि तोवर वक्ता दोन मुद्दे पुढे गेलेला असतो.

स्केचनोट हा शब्द ज्यांच्यामुळे रुजला ते माइक रोडी पाच मूळ आकार सांगतात: चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, रेघ आणि ठिपका. सुरुवातीला एवढ्यावरच हात बसवावा. उभा चौकोन आणि खाली एक ठिपका म्हणजे मोबाइल. वर्तुळात दोन रेघा म्हणजे घड्याळ. त्रिकोणात उभी रेघ आणि खाली ठिपका म्हणजे धोका. माणसासाठी वर्तुळाचं डोकं आणि खाली चौकोनी धड पुरतं. धड पुढे कललेलं काढलं तर तो निघालाय, मागे कललेलं काढलं तर कचरतोय, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. चेहऱ्यासाठी भुवया तीन प्रकारच्या (सरळ, वर चढलेल्या, आत उतरलेल्या) आणि ओठ तीन प्रकारचे (सरळ, हसरे, पडलेले) काढून त्यांची जोडी लावून पाहा. नऊ वेगळे भाव मिळतात, आणि एवढ्यांतच बहुतेक काम भागतं.

त्यानंतर स्वतःचा चिन्हसंग्रह करायचा. वस्तूंची चिन्हं सोपी असतात; आपल्या विषयात वारंवार येणारे अमूर्त शब्द अडवतात. वेळ, निर्णय, अडथळा, वाढ, नातं, शंका, बदल असे तीसेक शब्द निवडून प्रत्येकाचं एकच चिन्ह पक्कं करावं. निकष एवढाच की ते पाच सेकंदांत काढता आलं पाहिजे. जास्त वेळ लागत असेल तर रेघा कमी करायच्या. चित्र सुबक आलं नाही तर काय, ही शंका हटकून येते. वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नुसत्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द लोकांच्या जास्त लक्षात राहिले. चित्रासाठी चारच सेकंद दिले तरी फायदा टिकला, आणि चित्राच्या दर्जाने फरक पडला नाही. चित्र काढायचं तर त्या शब्दाचा अर्थ मनात डोळ्यांसमोर आणावा लागतो आणि हातही हलतो. आठवणीला एकाहून जास्त धागे मिळतात. म्हणूनच मजकुराशी संबंध नसलेल्या वेली आणि नक्ष्यांनी पान भरण्याला मी चित्रटिपण म्हणत नाही.

मराठीत टिपणं काढताना अक्षरांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि परभाषेतली मार्गदर्शनं इथे उपयोगी पडत नाहीत. रोमन लिपीत मथळा उठावदार करायला मोठी अक्षरं तयार असतात. देवनागरीत ती सोय नाही, पण शिरोरेखा आहे. आधी मथळ्याची अक्षरं शिरोरेखेशिवाय, थोडी सुटी लिहायची आणि मग जाड पेनाने एका दमात सलग रेघ ओढायची. अक्षर ठळक हवं असेल तर उभ्या दंडाशेजारी दुसरी रेघ मारून मधली फट भरायची. अक्षराच्या सगळ्या रेघा जाड केल्या तर जोडाक्षरांची आतली पोकळी बुजते. ‘राष्ट्र’ किंवा ‘दृष्टी’ लिहून पाहा. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात म्हणून दोन ओळींत निदान अक्षराच्या उंचीइतकी जागा सोडावी लागते. आणि चौकट नेहमी अक्षरांनंतर. आधी चौकट काढली की शेवटचं अक्षर तिच्यात मावत नाही किंवा अनुस्वार रेघेवर जाऊन बसतो.

पानाची मांडणी बोलण्याच्या स्वरूपावरून ठरते. घटना क्रमाने सांगणार असतील तर वळत जाणारी वाट, तुलना असेल तर दोन-तीन स्तंभ, एकाच गोष्टीचे पैलू असतील तर मधून बाहेर. काय येणार हे माहीत नसेल तेव्हा स्तंभ सगळ्यात सुरक्षित. ‘मी तीन मुद्दे मांडणार आहे’ असं वक्त्याने सांगितलं तरी चौथ्यासाठी जागा ठेवावी. मी उजवीकडे पाचेक सेंटिमीटरची पट्टी कोरी ठेवते. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या टिपणपद्धतीत डावीकडे सूचक शब्दांसाठी अरुंद रकाना आणि खाली सारांशाची जागा असते. ही पट्टी त्याच जातीची. वक्त्याचं नसलेलं, मला सुचलेलं जे काही असेल ते तिथे जातं. ऐकताना त्याचा विचार करत बसायचं नाही, दोन शब्द टाकून पुढे जायचं. कल्पक विचारासाठीचा कच्चा माल पुढे इथूनच निघतो.

प्रत्यक्ष ऐकताना एक वाक्य मागे राहावं. वाक्य पुरं झालं की त्याचं वजन कळतं, मग पेन टेकवायचं. ‘पण’, ‘म्हणून’, ‘खरं कारण असं की’ हे शब्द आले, वक्त्याने तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली किंवा आवाज संथ केला, की समजावं मुद्दा आला. नावं, आकडे आणि साल मात्र ताबडतोब लिहावीत, ती नंतर तर्काने काढता येत नाहीत. आणि चित्र कधी काढायचं? वक्ता उदाहरण किंवा किस्सा सांगत असतो तेव्हा. त्याची एक-दोन मिनिटं त्यात जातात आणि तेवढी आपल्याला पुरतात. काही निसटलं तर तिथे रिकामी चौकट आणि प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जायचं. निसटलेलं शोधायला मागे वळलं की पुढचंही जातं.

सराव ध्वनिमुद्रित भाषणावर करावा, आठ-दहा मिनिटांच्या. पहिल्यांदा पेन न धरता ऐकायचं आणि शेवटी पाच शब्द लिहायचे. दुसऱ्यांदा हवं तिथे थांबवत टिपण काढायचं. तिसऱ्यांदा नव्या कागदावर, न थांबता. पहिल्या फेरीतले पाच शब्द तिसऱ्या पानावर सगळ्यात मोठे दिसतात का, हे ताडून पाहायचं. दिसत नसतील तर निवड चुकते आहे, चित्रं कितीही छान असोत. हे जमलं की अनोळखी भाषण थेट न थांबता, मग वीस मिनिटांचं. प्रत्यक्ष सभेत बसायची वेळ त्यानंतरची.

बिघडतं ते बहुधा ठरावीक ठिकाणी. प्रस्तावना तपशिलात टिपली जाते आणि अर्धं पान पहिल्या दहा मिनिटांत संपतं. यावर उपाय म्हणजे कडेला बारीक खुणा करून पानाचे चार भाग पाडायचे आणि वेळेच्या चौथाईत एकच भाग वापरायचा. दुसरा बिघाड म्हणजे सगळं एकाच आकारात येणं. मथळा, मुद्दा आणि तपशील अशा तीन पायऱ्या ठरवल्या की नजर आपोआप वाट काढते. रंगाला एक अर्थ द्यावा, उदाहरणार्थ ‘हे करायचं आहे’, आणि तो दुसऱ्या कशाला वापरू नये. टॅबलेटवर काढणाऱ्यांचा वेगळा त्रास असतो: पुसणं आणि मोठं करून बघणं इतकं सोपं असतं की एका कोपऱ्यातच वेळ जातो. एकच ब्रश, एकच जाडी आणि मागे न जाण्याचा नियम ठेवला तर टॅबलेटही उत्तम चालतो.

टिपण त्याच दिवशी पुरं करावं. सावल्या, जाड रेघा, राहिलेले बाण, रिकाम्या चौकटी. दुसऱ्या दिवशी पान झाकून कोऱ्या कागदावर त्याचा सांगाडा आठवून काढायचा आणि मूळ पानाशी ताडायचा. नुसतं पुन्हा पाहण्यापेक्षा या आठवून काढण्याने जास्त पक्कं बसतं. एवढं केल्यावर ते पान बंद करून ठेवलं तरी चालतं.

माइंड मॅपबद्दल, म्हणजे मधल्या विषयातून बाहेर फांद्या काढत केलेल्या विचारांच्या नकाशाबद्दल, थोडं. टोनी ब्युझान यांनी १९७४ च्या सुमारास बीबीसीवरच्या कार्यक्रमातून तो घरोघर पोहोचवला. त्याचा नियम आहे की एका फांदीवर एकच शब्द. बहुतेकजण हा नियम मोडतात आणि नकाशा आक्रसतो. फांदीवर ‘ग्राहकाची तक्रार’ लिहिलं की विचार तिथेच संपतो. नुसतं ‘तक्रार’ लिहिलं की कुणाची, कधीची, कुणी न केलेली, अशा नव्या फांद्या फुटतात. विषय उलगडण्यासाठी माइंड मॅपसारखं साधन नाही. पण कारण-परिणाम किंवा चक्र दाखवायचं असेल तर तो अपुरा पडतो, कारण त्यात प्रत्येक फांदीला एकच मूळ असतं. तिथे जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेला संकल्पना-नकाशा घ्यावा. त्यात दोन चौकटींमधल्या रेघेवर संबंध लिहायचा असतो. चौकट, रेघ, चौकट असं मोठ्याने वाचलं की वाक्य झालं पाहिजे: ‘झोप’ — ‘कमी झाली की ढळतं’ — ‘लक्ष’. वाक्य होत नसेल तर तो संबंध आपल्याला अजून उमगलेला नाही.

आता उजवीकडची ती पट्टी. तिच्यावरच्या एखाद्या नोंदीचा प्रश्न करायचा, ‘कशा प्रकारे करता येईल’ अशा रूपात, आणि नवा कागद घ्यायचा. इथे पहिला नियम अॅलेक्स ऑसबर्न यांचा, ज्यांनी ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे गटाने बसून भराभर कल्पना सुचवणं, रुजवलं: कल्पना निघत असताना बरं-वाईट ठरवायचं नाही. सुचवणं आणि निवडणं एकाच वेळी केलं की दोन्ही खुरटतात. कागद तीनदा दुमडला की आठ घरं पडतात. प्रत्येक घराला एक मिनिट आणि एक कल्पना, चित्र आणि फार तर चार शब्द. पहिल्या तीन-चार घरांत कुणालाही सुचेल तेच येतं, त्याने नाउमेद होऊ नये. पाचव्या घरापासून डोकं नव्या वाटेला लागतं.

अडलं तर बॉब एबर्ले यांनी ऑसबर्नच्या प्रश्नांवरून १९७१ मध्ये बांधलेली यादी हाताशी ठेवावी: बदली काय घेता येईल, काय जोडता येईल, दुसरीकडचं काय इथे बसवता येईल, काय मोठं-लहान करता येईल, दुसरा उपयोग काय, काय वगळता येईल, काय उलटं करता येईल. शेवटचे दोन प्रश्न माझ्या मते सगळ्यात फलदायी, कारण भर घालायची सवय आपल्याला असतेच, वगळायची नसते.

गटात बसून मोठ्याने कल्पना सांगण्याचा आग्रह धरू नये. येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या प्रयोगात, तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र केल्यावर त्या एकत्र बसलेल्या गटाच्या कल्पनांपेक्षा जास्त भरल्या. एक बोलत असताना बाकीचे आपली पाळी येईपर्यंत विचार अडवून धरतात, हे त्याचं मोठं कारण असल्याचं १९८७ च्या संशोधनात दिसलं. त्यापेक्षा बर्न्ड रोरबाख यांची ६-३-५ पद्धत घ्यावी: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, आणि मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत, अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. शेजाऱ्याची कल्पना वाचूनच आपली लिहायची, नाहीतर सगळे आपापलंच गिरवत राहतात.

निवड दुसऱ्या बैठकीत, शक्यतो दुसऱ्या दिवशी. प्रत्येक कल्पना सुट्या चिठ्ठीवर घेऊन न बोलता जवळजवळच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवायच्या आणि गटांना नावं शेवटी द्यायची. जिरो कावाकिता यांच्या पद्धतीतला हा क्रम उलटला, म्हणजे आधी शीर्षकं लावली, की चिठ्ठ्या जुन्याच कप्प्यांत जाऊन पडतात. एकटी उरलेली चिठ्ठी कुठल्याही गटात कोंबू नये. मग तीन कल्पना उचलायच्या आणि प्रत्येकीची तीन चौकटींची चित्रपट्टी काढायची: आधीची अडचण, कल्पना वापरतानाचा क्षण, नंतरची स्थिती. मधली चौकट बऱ्याचदा निघतच नाही. अशा वेळी त्या चौकटीत कोण आहे, त्याच्या हातात काय आहे आणि तो नेमकं काय करतोय हे तीन प्रश्न लिहून त्यांच्यावरच पुन्हा आठ घरं भरायची.