रिकाम्या प्लॉटवर मलबा टाकणाऱ्याला दंड : माझा अनुभव

आमच्या कॉलनीत नाल्याला लागून एक रिकामा प्लॉट आहे. जुनं घर पाडलं की मलबा रात्री ट्रॅक्टरनं इथं यायचा. त्यावर हॉटेलचं शिळं अन्न, मग डुकरं. छत्रपती संभाजीनगरची 2018 ची कचराकोंडी ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनात असा ढीग वाढताना बघून धस्स होतं.

आधी जागा कोणाची ते बघा. 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्ता, उघडी सार्वजनिक जागा आणि नाला इथं कचरा टाकायला, जाळायला बंदी घातली. खाजगी प्लॉट त्यात सरळ बसत नाही. ‘प्लॉटवर घाण आहे’ एवढंच लिहिलं की प्लॉटमालकाला नोटीस जाते आणि टाकणारा सुटतो. म्हणून ढिगाचा जो भाग नाल्यात घसरलाय किंवा रस्त्यावर आलाय, तो आम्ही अर्जात आधी लिहिला.

फोटोत ट्रॅक्टरच्या तोंडावरचा नंबर यायलाच हवा. ट्रॉलीवर बहुतेक वेळा नंबर नसतो, आणि मागून काढलेला फोटो तिथंच मार खातो. दुसरा फोटो ट्रॉली उचलून मलबा पडत असतानाचा, तिसरा शेजारच्या विजेच्या खांबासकट, म्हणजे जागा ओळखू येते. तारीख-वेळ फोटोवरच उमटू द्या.

अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. त्यात स्पष्ट मागा : ढीग उचलण्याआधी पंचनामा करावा. हे राहिलं तर जेसीबी येतो, जागा साफ होते, तक्रार ‘निकाली’ निघते आणि दंडाला पुरावाच उरत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त प्रकरणं इथंच बारगळतात.

राज्य शासनानं क आणि ड वर्ग महापालिकांसाठी, म्हणजे आपल्या संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीसाठी, रस्त्यावर घाण करण्याचा जागेवरचा दंड 150 रुपये ठरवला. ट्रॉलीवाल्याला तो काहीच नाही. ढिगात बंदी असलेल्या पिशव्या असतील तर 2018 च्या प्लास्टिकबंदीखाली पहिल्यांदा 5000, दुसऱ्यांदा 10000, तिसऱ्यांदा 25000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद; पंचनाम्यात पिशव्यांची नोंद करून घ्या. रस्ता अडला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 285, दंड 5000 पर्यंत. नुसत्या सार्वजनिक उपद्रवाला कलम 292, दंड 1000 पर्यंत. त्यात पोलीस फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात, म्हणून त्यावरच विसंबू नका.

ढीग हलतच नसेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करा. सार्वजनिक जागेवरचा उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात.

दंड झाला की त्याच्या पावतीवर वाहन क्रमांक लिहिलाय का ते तिथंच बघा. तीच ट्रॉली परत आली, तर नव्या अर्जाला त्या पावतीची झेरॉक्स जोडता येते.