आरगॉन आधी काहून?

जुलैचा पावसाळी दिवस. नागपुरात महालातल्या आमच्या शाळेत दहावीची आरोग्य तपासणी चालली होती. वजनकाटा वर्गाच्या दाराशीच, म्हणून अर्धा वर्ग आत, अर्धा रांगेत. असल्या गोंधळात मी आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, शिकवायला घेतली.

डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं, या मूलद्रव्यांच्या जुन्या मांडण्या भराभर उरकल्या. मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यं वजनाच्या चढत्या क्रमाने लावली, आधुनिक सारणीत ती अणुअंकाने, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येने लागतात, एवढं सांगून फळ्याकडे वळलो. मागच्या बाकावरची एक पोरगी भिंतीवरचा तक्ता निरखत होती.

"सर, आरगॉन ३९.९५ अन् पोटॅशियम ३९.१०. मंग आरगॉन आधी काहून?"

"अपवाद आहे. परीक्षेला विचारत नाहीत."

वीस वर्षं हेच उत्तर देत आलोय. ती खाली बसली. पटलं नव्हतं तिला, आणि खरं सांगू का, मलाही.

मधल्या सुट्टीत कोपऱ्यावर तर्री-पोहा खाऊन परतलो, तर एक पोरगा दप्तरासकट काट्यावर चढलेला. तपासणीवाल्या ताई खेकसल्या, "दप्तर उतरव आधी!" मी जागीच थबकलो.

शेवटचा तास संस्कृतच्या बाईंकडून मागून घेतला. हजेरी क्रमांक १८ आणि १९ ला काट्यावर चढवलं, १८ च्या पाठीवर तिघांची दप्तरं. वजन अर्थातच १८ चं जास्त. "आता हजेरीपट बदलू का?" "नाही सर!" दप्तर म्हणजे न्यूट्रॉन, क्रमांक म्हणजे प्रोटॉनची संख्या: आरगॉन १८, पोटॅशियम १९.

उपमा लंगडीच. हजेरी क्रमांक आम्ही वाटतो, अणुअंक मात्र मोजता येतो. मोझली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारतेचं वर्गमूळ सारणीतल्या दर घराला सारख्याच पायरीने वाढत होतं. निकेलपेक्षा किंचित जड असलेला कोबाल्ट आधी का, हे त्यातून सुटलं. १९१५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हा माणूस पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वर्ग क्षणभर चिडीचूप.

मग आरगॉनचं दप्तर एवढं भारी का? हवेतला जवळजवळ सगळा आरगॉन ४० वस्तुमानांकाचा, १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉनवाला. तो आला खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० पासून. उरलेलं पोटॅशियम बहुतेक ३९ चं, म्हणून हलकं.

"पण सर," तीच पोरगी, "पोटॅशियमचं आरगॉन झालं म्हणजे १९ चा १८ झाला नं? नंबर तर बदलत नाही म्हणे."

पकडलंच मला. सांगितलं, केंद्रक जवळचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. वजन जवळपास तेवढंच, नंबर मात्र एकाने खाली. "अन् नंबर बदलला की ते पोटॅशियम राहतच नाही, माय. म्हणून तर नाव बदललं."

घंटा झाली. पोरं पळाली. ती मात्र तक्त्यावर बोट ठेवून तशाच उलट्या जोडीचे, टेल्युरियम आणि आयोडीनचे, आकडे ताडून पाहत होती.