हत्ती, चार पेन्सिल सेल आणि १ जानेवारी २००७

कशेळीचा हत्ती, म्हणजे कोकणातल्या कातळावर कोरलेलं ते भलंमोठं चित्र, कॅमेऱ्यात मावत नाही, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की गावातल्या दुकानातले दोन सेल फक्त तीन फोटो टिकतात.

पण आधी कॅमेऱ्याबद्दल. २००७ साली घेतलेला माझा पहिला डिजिटल कॅमेरा. ७.१ मेगापिक्सेल, ४ पट झूम, हातात धरला तर एका बाजूला साबणाच्या वडीसारखा फुगीर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे रडगाणं आहे त्यात तिचा दोष नाही. स्मार्टफोन आल्यावर तो कपाटाच्या खणात गेला, जुनी चार्जरं आणि हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या यांच्या संगतीला. गेल्या दिवाळीत माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीने खण उपसला आणि किंचाळली, "मावशी, तुझ्याकडे डिजिकॅम आहे?"

डिजिकॅम! आम्ही त्याला पूर्ण 'डिजिटल कॅमेरा' म्हणायचो आणि म्हणताना जरा ताठ बसायचो. आता या पोरांना हेच डबे हवे आहेत. फ्लॅश मारून पांढराफटक चेहरा, मागे मिट्ट काळोख, डोळ्यांत लाल ठिपके. ज्या फोटोंवरून आम्ही एकमेकांना शिव्या घातल्या ते आता 'व्हाइब' म्हणून मुद्दाम काढतात. वर मला समजावतात, की जुन्या सीसीडी सेन्सरचे, म्हणजे त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीचे, रंग वेगळेच असतात. मी म्हटलं, बयो, सेन्सरपेक्षा त्या काळच्या कॅमेऱ्याला जमत काय नव्हतं त्याचा हा परिणाम आहे. तिने ऐकलं नाही. मावशीचं कोण ऐकतं.

हा कॅमेरा घेताना मी एकच गोष्ट बघितली होती: पेन्सिल सेलवर चालतो का. तेव्हा प्रत्येक जाणकार हेच सांगायचा. खास बॅटरीवाला घेतलास तर प्रवासात अडकशील, पेन्सिल सेल काय, कुठल्याही टपरीवर मिळतात. घरात दुसऱ्यांचे अनुभवही होते. भावोजींचा कॅमेरा गणपतीपुळ्याच्या वाळूत पडला आणि त्याची लेन्स घर्रर्र करत अर्धी बाहेर येऊन तिथेच थांबली. दुरुस्तीवाला म्हणाला, यापेक्षा नवा स्वस्त पडेल. आत्याच्या कॅमेऱ्याला फोटो साठवायला एक्सडी कार्ड लागायचं, तो प्रकारच पुढे बंद पडला. आता कॅमेरा ठणठणीत आणि कार्ड नाही. माझा मात्र साध्या एसडी कार्डावर आणि साध्या सेलवर चालणारा. तोच कॅमेरा घेऊन आम्ही दोघी कशेळीला निघालो तेव्हा मी भाचीला हे सगळं मांडवी एक्सप्रेसमध्ये कटलेट खाता खाता सांगितलं, चांगलं फुशारकी मारून. रिचार्ज होणारे सेल आणि त्यांचा चार्जर डोंबिवलीला फ्रीजवर राहिलेत हे रत्नागिरी स्टेशनवर कळलं.

"काही होत नाही," मी म्हटलं. "पेन्सिल सेल कुठेही मिळतात."

रत्नागिरी, पावस, पूर्णगडची खाडी ओलांडून गावखडी. पहिला दिवस यातच गेला आणि त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट एकच, ती म्हणजे आम्ही उतरलो त्या घरची कुळथाची पिठी. काकूंनी तिसऱ्यांदा वाढताना "घ्या हो, काय ते पाखरासारखं जेवता" म्हटलं, तेव्हा मी कमरेची नाडी सैल केली. गादी मात्र अशी होती की रात्री दोनदा उठून मी तिच्याशी भांडले. डासांबद्दल लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी कनकादित्याचं, म्हणजे तिथल्या सूर्यदेवाचं, दर्शन घेऊन कशेळीच्या सड्यावर गेलो, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

ज्यांनी कोकणातला सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: जांभ्या दगडाचं सपाट, उघडं माळरान. पावसाळ्यात हिरवं, डिसेंबरात वाळलेलं गवत आणि मधेमधे काळपट कातळ. या कातळांवर फार जुन्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव, सडे पायी तुडवत ती शोधली. यातली निवडक ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. देवाचे गोठणे इथे चित्राजवळ होकायंत्र भरकटतं. कशेळीला मात्र भरकटायची वेळ माणसावर येते, कारण तुम्ही हत्तीच्या शेजारी उभे असता आणि हत्ती दिसत नाही.

खरंच दिसत नाही. दुपारच्या उन्हात कातळ म्हणजे भाजलेली भाकरी. भाचीने विचारलं, "कुठाय?" मी आत्मविश्वासाने हात फिरवला. "हा काय, हा सगळा." मलाही दिसत नव्हता.

गुरं घेऊन चाललेले एक आजोबा गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, थांबले होते. आमची तारांबळ त्यांनी बराच वेळ शांतपणे बघितली असावी.

"या वक्ताला काय दिसणार, ताई?" ते म्हणाले. "उन्हं कलू द्या. मग तो आपणहून उठतो."

कुठल्याही गाइडने मला इतकं सरळ सांगितलेलं नाही. कोरलेल्या खाचा उथळ असतात. सूर्य डोक्यावर असला की खाचेत आणि बाहेर सारखाच उजेड, म्हणजे रेषाच नाही. सूर्य खाली आला, की खाचेची एक कड सावली टाकते आणि रेषा काळी होते. त्यातही ज्या रेषा उन्हाला आडव्या जातात त्या आधी उमटतात, उन्हाच्याच दिशेने धावणाऱ्या लपून बसतात. म्हणून काही भाग संध्याकाळी दिसतो, काही पहाटे.

आमच्याकडे तीन तास होते आणि कॅमेऱ्यातले सेल भाचीने आदल्या दिवशी खाडीच्या पुलावर स्वतःचे फ्लॅश फोटो काढून संपवले होते. गावात गेलो. दुकानात भिंतीवरच्या घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात तेच साधे सेल. चार सेल, चाळीस रुपये. मी भाचीकडे "बघ, म्हटलं नव्हतं?" असा कटाक्ष टाकला. तो कटाक्ष मला पुढे फार महागात पडला.

साडेपाचला हत्ती उठला. दुसरा शब्द सुचत नाही. आधी पाठीची एक लांब रेघ, मग पाय, आणि मग त्याच्या अंगात कोरलेली ती सगळी वस्ती, पाऊणशेच्या आसपास प्राणी, पक्षी, जलचर. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती, आणि त्याच्या पोटात एक अख्खं रान. भाची चपला काढून कडेला उकिडवी बसली आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. एकोणीस वर्षांत मी तिला इतकं गप्प पाहिलेलं नाही.

मग तिने कॅमेरा चालू केला. पहिला फोटो. दुसरा. तिसरा. चौथ्याला लेन्स बाहेर आली, पडद्यावर 'बॅटरी बदला' असं आलं आणि लेन्स परत आत गेली.

कारण मला माहीत होतं, म्हणून तर जास्त राग आला. हे साधे सेल थेंब थेंब वीज द्यायला बनवलेले असतात. घड्याळ वर्षभर चघळत बसतं. कॅमेऱ्याला लेन्स ढकलायला, पडदा उजळायला, फ्लॅश भरायला एकदम घोटभर लागते आणि तेवढी यांच्यातून निघत नाही. सेल रिकामा नसतो, पण कॅमेऱ्याच्या लेखी तो मेलेला असतो. रिचार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा, साधा १.५ चा, तरी कॅमेऱ्याला पहिलाच मानवतो, कारण तो जोर लावला तरी दमत नाही. हे सगळं मी २००७ सालीच शिकले होते. पण फुशारकीच्या भरात काय आठवतं?

"मावशी, पेन्सिल सेल कुठेही मिळतात ना?" भाचीने विचारलं. तिने आवाज अगदी गोड ठेवला होता.

दुसरी जोडी घातली. कॅमेरा लगेच तारीख विचारू लागला. आतला बटणाएवढा सेल कधीच संपलाय, त्यामुळे सेल बदलले की तो १ जानेवारी २००७ ला परत जातो. तारीख भरायला बटणं दाबत बसलं तर ऊन जाणार. तशीच सोडली. फ्लॅश बंद, पडदा बंद. "आता बघायचं कुठून?" ती म्हणाली. मी वरची बारीक काचेची खिडकी दाखवली. इतके दिवस हे भोक कशासाठी आहे असा तिला प्रश्न पडला होता. तिने डोळा लावला आणि ओरडली, "अगं, यातून दिसतं!"

हो. यातून दिसतं. आम्ही असेच काढायचो. त्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा फोटोत थोडं जास्तच येतं, पण उन्हात आंधळ्या झालेल्या पडद्यापेक्षा ती बरी.

पडदा मिटल्यावर ही जोडी जरा टिकली. दम तुटला की सेल काढायचे, तळहातात चोळायचे, परत घालायचे, एक फोटो. पहिली जोडीही अशी दोनदा जिवंत केली. अख्खा हत्ती घ्यायचा तर या लेन्सने जेवढी त्याची लांबी साधारण तेवढ्याच उंचीवर जायला हवं, म्हणजे सहा मजली इमारतीच्या गच्चीवर, आणि सड्यावर आमच्याइतकं उंच दुसरं काही नव्हतं. एका मुलाने आम्हाला गडग्यावर चढून काढा असं सुचवलं. तो स्वतः चढलाही, आणि वरचा एक दगड गडगडत खाली आला. आजोबांनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही, पण मला ते पटलं. लोक चित्रावर चढून सेल्फी काढतात, रेषा उठाव्यात म्हणून खडूने भरतात. ज्या रेषा इतक्या हजार पावसाळ्यांत पुसल्या नाहीत त्यांना रविवारच्या गर्दीने पुसायला नको.

म्हणून तुकडे तुकडे घेतले. कडेकडेने फिरत एक पाय, पाठ, पोटातला एक मासा. भाचीने फोनवरही काढले. फोनच्या रुंद लेन्समध्ये बराच भाग एकदम बसला, कडा वाकलेल्या, पण बसला. मी मनात म्हटलं, संपलं, आता डबा परत खणात.

सव्वासहाला सूर्य गेला आणि हत्ती परत कातळात झोपला. कॅमेऱ्याने शेवटचा श्वास त्याच्या दोन मिनिटं आधी घेतला. सोंड राहिली.

रात्री काकूंच्या ओसरीवर भाचीने छोटा कार्ड रीडर फोनला लावला आणि दोन्हीकडचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. इथे मला जे कबूल करायचं आहे ते करते. फोनचे फोटो स्वच्छ होते. आकाश निळं, गवत सोनेरी, कातळाचा कणन् कण दिसत होता. फक्त हत्ती नव्हता. फोन शहाणा असतो. अंधार दिसला की त्याला वाटतं चूक झाली आणि तो सावल्या उजळून टाकतो. त्या सावल्याच तर चित्र होत्या! माझ्या डब्याला तेवढी अक्कल नाही. जे काळं ते त्याने काळंच ठेवलं, आकाश पांढरं जाळून टाकलं, गवताचा चिखल केला, आणि प्रत्येक रेघ कोळशाने ओढल्यासारखी उठून आली.

फोनमध्ये हे सगळं बंद करता येत असणार, मला माहीत आहे. पण ज्याला आम्ही कॅमेऱ्याची उणीव म्हणून सतरा वेळा नावं ठेवली, तीच या संध्याकाळी कामाला आली. मी तसं म्हटल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे सीसीडीचे रंग." मी वाद घातला नाही. रंग नव्हतेच त्यात फारसे, पण पिठी तिसऱ्यांदा आली होती.

पुढचे दोन दिवस रत्नागिरीत नातेवाइकांकडे गेले. चांगले गेले.

सल्ला विचारणाऱ्यांसाठी: सड्यावर दुपारी जाऊ नका. आणि जुना कॅमेरा घेऊन जाणार असाल तर चार्ज केलेले सेल आदल्या रात्री पिशवीत टाका, फ्रीजवर ठेवू नका. माझ्याकडे बघा.

एकूण अकरा फोटो आहेत हत्तीचे. भाचीने ते छापून घरच्या फरशीवर जुळवले. सोंडेच्या जागी फरशी दिसते. दुसऱ्या जोडीच्या सगळ्या फोटोंवर तारीख आहे १ जानेवारी २००७. त्या दिवशी हा कॅमेरा मी घेतलाही नव्हता आणि ती दोन वर्षांचीही झाली नव्हती.

कॅमेरा तिने अजून परत दिलेला नाही. काल रात्री मेसेज आला: "मावशी, तो आतला बटणाचा सेल कुठला लागतो? आणि पहाटे सोंड दिसेल का?"