ड्रमवर कोण होतं?

जुन्या टेपा ओव्हनमध्ये ठेवणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे, असं सांगितलं की घरचेही हसतात. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच टेपांवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतली ओल पितो आणि सुटायला लागतो. मुंबईत ओलीला काय तोटा! अशी टेप तशीच मशीनवर चढवली तर ती किंचाळते, टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राड सोडते, आणि त्या राडीतच गाणं गेलेलं असतं. म्हणून ५४ अंश सेल्सियसच्या आसपास आठ तास, कधी जास्तच. मग काही आठवडे ती नीट वाजते. (त्याआधीच्या अ‍ॅसिटेट टेपा मात्र ओव्हनमध्ये चुकूनही घालायच्या नाहीत.)

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या रॉक बँडचा गिटारिस्ट अशाच पाव इंची रिळांचं खोकं घेऊन आला. बँडचं नाव सांगत नाही, कागदपत्रं अजून व्हायची आहेत. धोबीतलावच्या रंगभवनात ज्यांनी उघड्यावर उभं राहून रॉक ऐकलंय, त्यांना अंदाज येईल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांचा अल्बम निघाला, तोही फक्त कॅसेटवर. प्रत्येक वाद्य वेगळं असलेल्या चोवीस ट्रॅकच्या मूळ टेपा कंपनीने पुसून दुसऱ्या कामाला लावल्या. त्यासाठीची दोन इंची टेप परदेशातून यायची, महाग असायची. वाचले ते सेशन संपल्यावर रोज काढलेले रफ मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र केलेल्या कच्च्या प्रती.

सोबत ड्रमरही होते. खोताच्या वाडीतले, आता सत्तरीच्या घरातले. मी त्यांना अंकल म्हणत होतो. ते फारसं बोलत नव्हते.

दहा इंची रीळ सेकंदाला पंधरा इंचांच्या स्पीडला साधारण अर्धा तास चालतं. पहिल्या रिळावर बराचसा कचराच होता: अर्ध्यात तुटलेले टेक, कंट्रोल रूममधल्या माइकवरून कुणाला तरी दिलेल्या शिव्या, वडापाव किती मागवायचे यावरचा वाद. ‘अप्रकाशित रेकॉर्डिंग’ म्हटलं की लोकांना खजिना वाटतो. बहुतेकदा ते चार माणसांनी एकच चूक पुन्हा पुन्हा केल्याचं रेकॉर्डिंग असतं. मग एक टेक सुरू झाला आणि आम्ही तिघंही गप्प झालो. अल्बममधलंच गाणं होतं, पण ड्रम वेगळे होते.

अंकल म्हणाले, “हा मी आहे.”

“मग कॅसेटवर?” मी विचारलं.

“मशीन.”

प्रोड्यूसरने त्यांना सांगितलं होतं की तू कोरसला, म्हणजे ध्रुवपदाला, धावतोस, वेग वाढवतोस. त्यांचे ट्रॅक पुसून ड्रम मशीन भरलं गेलं. कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदावर नाव मात्र त्यांचंच राहिलं, कारण बँडचा फोटो आधीच छापून झाला होता. तेव्हापासून लग्नात, मयताला, चर्चबाहेर लोक त्यांना गाठून सांगत आले, “काय टाइट वाजवलंय तुम्ही!” आणि ते थँक्यू म्हणत आले.

ते खरंच धावत होते. मी वेग मोजून बघितला. दुसऱ्या कोरसपर्यंत मिनिटाला चार-पाच ठोके वाढलेले. पण त्यांच्यामागे गिटार धावतेय, बास दोघांना मागे खेचतोय, आणि गाणं त्या ओढाताणीत उभं राहतंय. कॅसेटवर तेच गाणं इस्त्री फिरवल्यासारखं आहे. प्रोड्यूसरचं निदान बरोबर होतं, इलाज चुकला, असं माझं मत.

गिटारिस्टच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. बीटल्सनी २०२३ मध्ये लेननचा आवाज सत्तरच्या दशकातल्या घरगुती कॅसेटमधून वेगळा काढला. तसेच आपण ड्रम वेगळे काढू, ताल सरळ करू आणि रिलीज करू. ड्रम वेगळे निघतात, हे खरं. झांजा जरा पाणचट होतात एवढंच.

“सरळच करायचं तर मशीन काय वाईट होतं?” अंकल म्हणाले.

मी मध्ये पडलो नाही. माझं काम टेपवर जे आहे ते २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या डिजिटल फाइलमध्ये जसंच्या तसं उतरवणं. खरखरसुद्धा काढायची नाही.

रिलीजचा प्रश्न निराळाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा मालक साधारणपणे प्रोड्यूसर, म्हणजे ते करून घेण्याची जबाबदारी उचलणारा. साठ वर्षं मोजायची ती प्रकाशनापासून. हे प्रकाशितच झालेलं नाही, म्हणजे मोजणी सुरूच नाही. शिवाय वाजवणाऱ्यांचे हक्क वेगळे. त्यामुळे मूळ करार शोधणं आलं, आणि ती कंपनी आज कुणाच्या हातात आहे तेही.

निघताना अंकलनी अट घातली. हा टेक बाहेर आला तर तो असाच धावता यायला हवा, आणि त्याच्यासोबत जुना अल्बम पुन्हा काढणार असाल तर त्यावरच्या ड्रमसमोरचं त्यांचं नाव खोडायचं. गिटारिस्टने पहिली अट लगेच मान्य केली. दुसरीवर तो म्हणाला, “अरे, लोकांना काय सांगायचं मग?”

“मशीन होतं म्हणून सांग,” अंकल म्हणाले आणि जिना उतरायला लागले.