परत पाठवलेली देणगी : नैरोबीतला एक रविवार

नैरोबीत पाहुणा आला की त्याला नॅशनल पार्कमधले सिंह-जिराफ दाखवतात. मला मात्र कायोलेला जायचं होतं. शहराच्या पूर्वेकडची, ईस्टलँड्समधली ही दाटीवाटीची वस्ती. तिथल्या सोवेटो भागात एक कॅथलिक चर्च आहे. १७ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी केनियाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो तिथे मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या रविवारच्या उपासनेला, आले. जाताना त्यांनी फादरांच्या घराच्या बांधकामासाठी २० लाख शिलिंग दिले, गायकवृंद आणि चर्चच्या मंडळासाठी ६ लाख दिले, शिवाय आणखी ३० लाख आणि एक बस देण्याचा शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी नैरोबीचे कॅथलिक आर्चबिशप फिलिप अन्योलो यांनी पत्रक काढून सगळी रक्कम परत करत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या काहीच दिवस आधी कॅथलिक बिशपांनी सरकारवर खोटेपणा आणि भ्रष्टाचाराबद्दल उघड टीका केली होती.

ही बातमी वाचल्यापासून मला ते चर्च बघायचंच होतं.

मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यावर येशूचं मोठं स्टिकर होतं. वाटेत पोलिसाने हात केला. कंडक्टरने दारातूनच खाली वाकून हस्तांदोलन केलं, मुठीतली घडी घातलेली नोट त्या हातात गेली आणि गाडी पुन्हा सुरू झाली. माझ्या शेजारी मांडीवर बायबल घेतलेल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाही दिले तर गाडी तासभर अडवतील. माझी मिस्सा चुकेल."

२०१९ च्या जनगणनेनुसार केनियात दर शंभरांमागे सुमारे ८५ लोक ख्रिस्ती आहेत. मग ती नोट देणारा, घेणारा आणि बघणारा, तिघंही बहुधा त्या सकाळी देवाचं नाव घेऊनच घराबाहेर पडलेले.

हे सगळं ढोंग आहे, असं मी मानत नाही. कायोलेच्या त्या मिस्सेत दानासाठी लोक बाकांवरून उठून रांगेने पुढे येत होते. म्हाताऱ्या आज्या रुमालाच्या गाठीतून नाणी सोडवत होत्या, तरुण पोरं मोबाइलवरून एम-पेसाने पैसे पाठवत होती. केनियाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून 'हरांबे' म्हणून अशाच लोकवर्गणीतून शाळा आणि दवाखाने उभे राहिले. पुढे पुढाऱ्यांनी त्या वर्गणीचा ताबा घेतला. रविवारी नोटांची बंडलं घेऊन यायचं, वेदीजवळ माईक हातात घ्यायचा आणि टाळ्या घ्यायच्या. पगारात न बसणारा पैसा आला कुठून, हे देवळात विचारायचं नसतं. म्हणून तर तो तिथे आणतात.

चर्चने हे कायम मुकाट्याने घेतलं, असंही नाही. उहुरू पार्कजवळचं अँग्लिकन पंथाचं ऑल सेंट्स कॅथीड्रल मी आदल्या दिवशी पाहिलं. राखाडी दगडाची भारदस्त इमारत. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आया उपोषणाला बसल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्यावर त्या आयांना आसरा दिला तो याच चर्चने. ७ जुलै १९९७ ला तर पोलिसांनी आत घुसून प्रार्थना करणाऱ्यांना मारलं. असा वारसा असलेल्या चर्चने मंत्र्याच्या पाकिटासाठी माईक द्यावा, याचं मला फार वाईट वाटतं. अँग्लिकन आर्चबिशप जॅक्सन ओले सापित यांनी २०२१ मध्ये राजकारण्यांना चर्चमध्ये भाषणबंदी केली, ती उशिरा का होईना, योग्यच होती.

खरा रेटा लावला तो तरुणांनी. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध ते रस्त्यावर आले, २५ जूनला संसदेत शिरले, अनेकांचा जीव गेला. धर्मगुरूंना त्यांनी थेट विचारलं की तुम्ही कोणाच्या बाजूचे? मार्च २०२५ मध्ये रुटोंनी रोयसांबूतल्या एका चर्चला २ कोटी शिलिंग दिले, तेव्हाही पुढच्या रविवारी तिथे निदर्शनं झाली.

कायोलेत मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एका स्वयंसेवक काकांशी बोललो. ते म्हणाले, "आर्चबिशपांनी बरोबरच केलं. पण घर बांधायचं आम्हालाच आहे ना!" त्यांचं म्हणणं मला पटलं. नकाराचा मान धर्मप्रांताला मिळाला, खर्च मात्र गरीब वस्तीच्या माथी आला. श्रीमंत चर्चांनी ही तूट भरून द्यायला हवी, नाहीतर पुढच्या वेळी पैसे परत करायला कोणता फादर धजावेल?

गायकवृंदातल्या एका मुलीला एवढ्यानेही समाधान नव्हतं. तिच्या मते प्रत्येक चर्चने मोठ्या देणगीदारांची नावं आणि रकमा दारावर लावाव्यात, मग देणारा राष्ट्राध्यक्ष असो की कंत्राटदार. काका म्हणाले, असं केलं तर कोणी देणारच नाही.

"मग ते पैसे नकोतच आपल्याला," ती म्हणाली.