आरशातला दाब: मानपाडा आणि ऐरोली एका आलेखात

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, माझ्या आणि मावशीच्या घरी हवा मोजणारे जे दोन डबे ठेवलेत, त्यांच्या दाबाच्या रेघा एका आलेखात टाकतो आणि विषय संपवतो. संपतोय कसला! तीन रविवार गेले.

दोन्हीकडे तेच ईएसपी८२६६ (वायफायवाला छोटा कंट्रोलर), तोच बीएमई२८० (दाब, तापमान, आर्द्रता मोजणारा सेन्सर), दर १० मिनिटांनी नोंद. आधी रेघांमध्ये चारेक हेक्टोपास्कलची (हे हवेच्या दाबाचं एकक) दरी होती. ती लगेच उलगडली. माझा डबा मानपाड्याला बाराव्या मजल्यावरच्या गच्चीत, मावशीचा ऐरोलीत तळमजल्यावर, आणि दर आठएक मीटर चढलं की दाब साधारण एक हेक्टोपास्कल उतरतो. प्रत्येक मालिकेतून तिची सरासरी वजा केली, रेघा एका पट्ट्यात आल्या.

आल्या त्या आरशातल्यासारख्या! माझी चढते तेव्हा मावशीची उतरते. मध्ये फक्त खाडी, आणि हवा उलटी? सेन्सर बदलावा म्हणून नवा मागवला, तर बीएमईच्या नावाखाली बीएमपी२८० आला. त्यात आर्द्रता नसतेच. (आल्या आल्या चिप आयडी, म्हणजे सेन्सरमधला ओळख क्रमांक, वाचा: हेक्समध्ये ६० हवा, ५८ दिसला की परत पाठवा.) मावशीला विचारलं, डबा कुणी हलवला का? "अरे, डबा उलटा ठेवला तर हवापण उलटी होते होय?"

किल्ली शेवटी हवेतच सापडली. आपल्याकडे दाब दिवसातून दोनदा चढतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास. माझी रेघ बरोबर दहाला माथ्यावर. मावशीची पहाटे साडेचारला. फरक साडेपाच तास!

तिचा डबा यूटीसी (आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) लिहितो, माझा भारतीय वेळ, आणि रीड_सीएसव्ही (आर भाषेत फाइल वाचणारं फंक्शन) दोन्हींना मुकाट यूटीसी समजतं. त्यात १२ तासांच्या लाटेत साडेपाच म्हणजे जवळजवळ अर्धी लाट, म्हणून रेघ सरकलेली न दिसता उलटलेली दिसली. दोन तासांची चूक असती तर पहिल्याच दिवशी पकडली असती. आता माझ्या फाइलला फोर्स_टीझेड (आकडे तेच, ही भारतीय वेळ आहे एवढंच सांगायचं), मावशीच्या फाइलला विथ_टीझेड (तोच क्षण भारतीय वेळेत दाखवायचा), मग बाइंड_रोजने दोन्ही एकाखाली एक. रेघा अशा बिलगल्या की रंग वेगळे ओळखू येईनात. चहा थंड झाला, बघतच बसलो.

तापमानासाठी उजवीकडे दुसरा अक्ष काढणार होतो. रद्द. दुसऱ्या अक्षाचं माप बदलून दोन रेघांची हवी ती दोस्ती दाखवता येते. त्याऐवजी फॅसेट_रॅपने (एका चित्राच्या वेगळ्या पट्ट्या पाडणारं फंक्शन) तापमानाची खाली वेगळी पट्टी, वाय अक्षाचं माप प्रत्येकीचं आपापलं.

वीज गेली की नोंदीच नसतात आणि जीऑम_लाइन (रेघ काढणारं फंक्शन) मधल्या खिंडारावरून खुशाल सरळ रेघ ओढतं. त्यासाठी वेळा फ्लोअर_डेटने १० मिनिटांवर आणून कम्प्लीटने रिकाम्या ओळी घातल्या. पण थांबा, लिहिता लिहिता लक्षात येतंय: सरासरी मी प्रत्येकाच्या सगळ्या नोंदींवर काढलीय. मावशीकडे वीज गेली ती नेमकी दुपारी, दाब उतरलेला असताना. म्हणजे तिची सरासरी किंचित वर गेली. दोन्हीकडे नोंदी आहेत तेवढ्याच वेळा धरून पुन्हा काढतो. जेवण नंतर.